अपील मंजूर झाल्याबद्दल अभिनंदन!

न्यू जर्सीत वाढलेल्या तुमच्या लेकीला दुसऱ्याच राज्यातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला? आधी ती बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. फुलं, टाळ्या, 'प्राउड ऑफ यू' सगळं येईल. फायनान्शियल एड किती मिळाली हे मात्र कुणी विचारणार नाही, कारण विचारलं की स्वतःचा आकडाही सांगावा लागतो.

मग ऑफर लेटर शांतपणे वाचा. एडच्या यादीत पहिल्या वर्षाचं 5,500 डॉलरचं फेडरल लोन असेल. ती मदत. त्याखाली आईबापांनी काढायचं पॅरेंट प्लस लोन असेल, 2025-26 च्या दराने 8.94 टक्के व्याजाचं, वर सव्वाचार टक्क्यांच्या आसपास फी आधीच कापून घेतलेलं. तीही मदतच! ती बेरजेत धरली की खर्च एकदम आटोक्यात दिसतो. अमेरिकन सरकारच्याच जीएओ या तपास कार्यालयाने 2022 मध्ये सांगितलं होतं की अंदाजे 91 टक्के कॉलेजं ऑफर लेटरमध्ये खरा निव्वळ खर्च देतच नाहीत किंवा कमी करून दाखवतात. तेव्हा तुमच्यावर एकट्यावर अन्याय झालाय असं मानून घेऊ नका.

आता अपील, म्हणजे एड पुन्हा ठरवा अशी विनंती. हुरूप ठेवा. उच्च शिक्षण कायद्याच्या 479ए कलमाने एड ऑफिसरला तुमची अडचण बघून आकडे बदलायचा अधिकार दिलाय. त्याने नाही म्हटलं तर शिक्षण खात्याकडे दाद मागायची सोय मात्र ठेवलेली नाही. म्हणून पत्रात नम्र राहा.

कागदपत्रं तयार ठेवा. 2026-27 चा फाफ्सा, म्हणजे फेडरल एडचा अर्ज, 2024 चं उत्पन्न विचारतो. 2024 मध्ये आमच्या घरात दोन पगार होते, आता एक आहे. एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी नवऱ्याचं ले-ऑफचं पत्र अपलोड केलं. तर म्हणे, नोकरी कधी संपली ते स्पष्ट होत नाही. पहिल्या ओळीत तारीख होती! मग म्हणे, कंपनीच्या लेटरहेडवर एचआरची सही आणा. ज्या एचआरच्या बाईने ते पत्र दिलं तिलाही पुढच्या लाटेत काढलं होतं, आता सही काय हवेतून आणायची? मग सेव्हरन्स, म्हणजे नोकरीवरून काढताना दिलेला पैसा, किती मिळाला, तो उत्पन्नात धरावा लागेल. मग बेकारी भत्त्याचे कागद. मग फाइल फार मोठी आहे, छोटी करा. छोटी केली तर अक्षरं वाचता येत नाहीत, परत पाठवा.

यात मी साताऱ्याच्या सासूबाईंच्या ऑपरेशनची बिलं जोडायचा आगाऊपणा केला. विम्याबाहेरचा वैद्यकीय खर्च दाखवा असं त्यांच्याच फॉर्मवर लिहिलंय ना! उत्तर आलं की त्या तुमच्या घरात राहत नाहीत, म्हणून कुटुंबात मोजता येणार नाहीत. नियम आहे, मान्य. पण त्याखाली एक प्रश्न होता: हा खर्च तुम्ही स्वेच्छेने करता का? हो बाई, स्वेच्छेने. दर दिवाळीला आम्ही घरी बसून ठरवतो, या वर्षी टीव्ही बदलायचा की आईचा गुडघा. सासऱ्यांच्या माघारी त्या बाईने एका पगारात ज्याला इंजिनियर केलं, तो तिचं बिल भरतोय, हे कुठल्या चौकोनात टिक करायचं ते तेवढं सांगा.

फोन करू नका. होल्डवर विद्यापीठाचं गाणं तोंडपाठ होईल.

त्या राज्यात राहणाऱ्या मावशीचा पत्ता देऊन इन-स्टेट, म्हणजे कमी फी भरणारा तिथला रहिवासी, होता येईल, असं सुचवणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

शेजारच्या राज्यांतल्या मुलांना सवलत देणारे करारही आहेत बरं का. पश्चिमेकडच्या राज्यांच्या करारात इन-स्टेट फीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेत नाहीत. मिडवेस्टचा वेगळा आहे, दक्षिणेचा वेगळा, न्यू इंग्लंडचा वेगळा. न्यू जर्सी यातल्या एकातही नाही. घर घेताना नुसती शाळा आणि पटेल ब्रदर्सचं किराणा दुकान बघितलं, भोगा आता.

1 मेच्या आत डिपॉझिट भरा. अपिलाचा निकाल त्यानंतर येतो.

आमचा आला. अपील मंजूर, अभिनंदन! नवा इंडेक्स, म्हणजे घराला किती झेपेल याचा फाफ्सावरून काढलेला आकडा, पूर्वीपेक्षा कितीतरी खाली आला होता. मी खाली स्क्रोल करत गेले. ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, शून्य. मग बदललं काय? त्याच 5,500 मधले 3,500 आता सबसिडाइज्ड झाले, म्हणजे लेक शिकत असेपर्यंत तेवढ्या रकमेचं व्याज सरकार भरणार. वर्षाचा खर्च सत्तर हजारांच्या घरात आणि तेवढ्या कागदांच्या बदल्यात आमच्या पदरात हे पडलं. वर शेवटची ओळ, जी पहिल्या दिवशी सांगता आली असती: विद्यापीठाची स्वतःची गरजाधारित ग्रँट फक्त राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

अहो, मग फॉर्म कशाला भरून घेतलात? आमच्या बँकेची स्टेटमेंटं, नवऱ्याची नोकरी गेल्याचे पुरावे, म्हातारीच्या गुडघ्याची बिलं वाचून तुम्हाला काय मिळालं? तुमच्या राज्यातल्या लोकांच्या कराचा पैसा तिथल्या मुलांना द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ 2025-26 ला बाहेरच्या नव्या मुलाकडून 37,602 डॉलर जादा घेतं, पण त्या जादा रकमेला आमची ग्रँट नाही हे आधीच सांगून मोकळं होतं. तुमचा माणूस मात्र आमच्या हायस्कूलमध्ये येऊन 'पैशांची काळजी करू नका, एड ऑफिस आहे' म्हणतो आणि सतरा वर्षांच्या पोरांना टी-शर्ट वाटतो. बाहेरची मुलं तुम्हाला पूर्ण फी भरतात म्हणून हवी आहेत. हवी असू देत. पण त्या टी-शर्टवाल्याला शाळेत उभं राहून तेवढं एक वाक्य बोलायला लावा, आणि अपिलाच्या फॉर्मवर सगळ्यात वर छापा. आमचं डिपॉझिटही परत करा.