‘एक बाटली लावा आणि घरी या’: साखर कमी होण्याविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

बीड, परभणी, जालना या भागांतल्या नातेवाइकांच्या आणि गावकीच्या व्हॉट्सॲप गटांवर मधुमेहींसाठीचा एक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचा सारांश असा: शुगर एकदम कमी झाली तर चमचाभर साखर किंवा पेढा द्यावा, रुग्ण बेशुद्ध असेल तर साखर तोंडात कोंबावी, दवाखान्यात नेलेच तर ग्लुकोजची एक बाटली लावून तासाभरात घरी आणावे, रात्रभर ठेवून घेणारे दवाखाने केवळ बिल वाढवतात, आणि एवढे करूनही जो पुन्हा भरती होतो, तो पथ्य न पाळणाराच असतो. या संदेशातली कळकळ खरी आहे आणि काही वाक्ये अर्धी बरोबरही आहेत. मात्र त्याच्या मुळाशी असलेला समज, म्हणजे साखर वाढली की प्रश्न मिटला, हा चुकीचा आहे. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली, आणि त्याहून गंभीर म्हणजे ५४ च्या खाली, का गेली याचे कारण सकाळी घेतलेल्या गोळीत, मूत्रपिंडात, इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये किंवा न झालेल्या जेवणात असते, आणि ते कारण बाटलीने जात नाही.

साखर द्यावी हे बरोबर, परंतु कोणाला आणि कोणती, हे संदेशात नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा ७० च्या वर गेला नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी आणि सावरल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. पेढ्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणून तो अशा वेळी कामाचा नाही. घरातली साखर बहुतेकांना चालते, पण आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी सर्रास लिहिली जाते, आणि व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचे विघटनच लांबवते. ही गोळी घेणाऱ्याला साखर खाऊ घालून घरचे वाट पाहत बसतात आणि आकडा हलत नाही. त्याला ग्लुकोजच लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. रात्री घामाने भिजून असंबद्ध बोलणाऱ्या मधुमेहीला ‘बाहेरचे’ झाले किंवा तो प्यायला आहे असे ठरवण्यात अजूनही वेळ जातो. आधी बोटाला सुई टोचून साखर पाहावी. तो खरोखरच प्यायलेला असला तरी पाहावी, कारण दारू यकृताला नवे ग्लुकोज तयार करू देत नाही.

एका बाटलीत घरी आणण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. रुग्ण डोळे उघडतो, नातेवाइकांना ओळखतो, चहा मागतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण या ग्लुकोजचा परिणाम फार वेळ टिकत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लायबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहतात, आणि बाटलीतून आलेले ग्लुकोज त्याच स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडण्याची चालना देते. ग्लिमेपिराइडची गोळी दिवसातून एकदा घेतात, कारण तिचा परिणाम दिवसभर राहतो. ग्लायबेनक्लामाइडचे शरीरात होणारे रूपांतरही साखर कमी करणारेच असते, ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि मूत्रपिंड मंदावले असेल तर साखर दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा खाली जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी ग्लायबेनक्लामाइड योग्य नाही असे म्हटले आहे ते यामुळेच. सकाळी आठला गोळी, दुपारी जेवण नाही, संध्याकाळी सहाला बेशुद्धी, सातला बाटली आणि नऊला घर, असा प्रवास झालेल्या वृद्धाची साखर पहाटे तीनला पुन्हा घसरणे यात अनपेक्षित काहीच नाही, आणि त्या वेळी घरचे सगळे निर्धास्त झोपलेले असतात.

मूत्रपिंडाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. सत्तर वर्षांच्या, अंगाने किरकोळ असलेल्या बाईच्या अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.४ लिहिलेले असते आणि ‘थोडेसेच वाढले आहे’ म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात वय आणि लिंग धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ४० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे निरोगी मूत्रपिंडाच्या निम्म्याहून कमी, येते. इन्सुलिनचा मोठा वाटाही मूत्रपिंडच निकालात काढते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी बसवलेला डोस, एक युनिटही न वाढवता, आज जास्त ठरू शकतो.

प्रत्येकाला रात्रभर ठेवावे, असे माझे म्हणणे नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर इतकी खाली सहसा जातच नाही. जेवणाआधी घ्यायचे कमी वेळ टिकणारे इन्सुलिन टोचून जेवायला उशीर झालेला तरुण, ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे आणि सोबतीला माणूस आहे, तो जेवून, काही तास देखरेखीखाली राहून घरी जाऊ शकतो. सल्फोनिलयुरियाची गोळी, दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन, मंदावलेले मूत्रपिंड किंवा एकट्याने राहणारा वृद्ध, यांपैकी काहीही असेल तर किमान २४ तास दर काही तासांनी साखर तपासत राहणे हाच उपचार आहे.

बिलाविषयीचा राग मला समजतो, आणि विनाकारण अतिदक्षता विभागात ठेवल्याच्या तक्रारी सगळ्याच खोट्या असतील असेही नाही. परंतु त्याचे उत्तर लवकर घरी पळणे हे नव्हे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय रुग्णालये इथे असा रुग्ण ठेवता येतो, आणि त्याला मुख्यतः लागते ते ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि जागा राहणारी परिचारिका. पहाटे चक्कर येऊन पडल्याने खुब्याचे हाड मोडले, तर त्या बिलाची तुलना एका रात्रीच्या खाटेशी करून पाहावी.

आता शेवटचे विधान, ज्यात सगळा दोष रुग्णावर ढकलला आहे. अमेरिकेत या भरतीची मोजदाद चांगली होते. तिथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने दाखल झालेल्या वृद्धांपैकी सुमारे दोनतृतीयांश दाखल्यांमागे औषधांचे चारच गट होते, आणि त्यांत इन्सुलिन व मधुमेहाच्या गोळ्या हे दोन होते. तिथल्याच मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या वृद्धांमध्ये साखर वाढून दाखल होणारे कमी होत गेले आणि साखर घसरून दाखल होणारे त्यांच्या पुढे गेले. घसरून दाखल झालेल्यांपैकी साधारण सहांतला एक महिन्याभरात पुन्हा रुग्णालयात आला. इतक्या माणसांनी एकदम पथ्य सोडले होते असे मानण्यापेक्षा, त्यांच्या औषधांकडे पाहणे शहाणपणाचे आहे.

आपल्याकडे तर पुष्कळदा उलटे घडते: पथ्य अति पाळले जाते. ‘शुगर आहे’ म्हणून रात्रीची भाकरी बंद, चतकोर भाकरीवर कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला, आषाढी एकादशीला निरंकार, नवरात्रात तुळजापूरच्या देवीचे उपवास, रमजानमध्ये रोजे. आणि गोळी मात्र रोजच्या वेळी, पूर्ण मात्रेत, कारण गोळी चुकवू नका असे डॉक्टरांनी बजावलेले असते. उपवासाच्या दिवशी मात्रा किती आणि कोणत्या वेळी, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

रुग्णासोबत येणारी औषधांची पिशवी उलटी करून पाहिली की आणखी कारणे बाहेर येतात. दोन वेगळ्या नावांची पाकिटे, एक तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेले, दुसरे शहरातल्या. मागची बारीक अक्षरे वाचली तर दोन्हींत ग्लिमेपिराइड. लाल टोपणाची सिरिंज मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या कुपीसाठी असते आणि पेनच्या काडतुसात मिलिलिटरला १०० युनिटचे इन्सुलिन असते. पेन बिघडले म्हणून काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात ५० युनिट जाते. उन्हाळ्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, कुपीतले इन्सुलिन निकामी होत जाते, साखर वाढलेली दिसते म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि मग ताजी कुपी त्याच वाढीव मात्रेने सुरू होते. यांतल्या कोणत्या गोष्टीला पथ्य म्हणायचे, ते संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

शिवाय एकदा साखर खाली गेली की शरीराचा इशाराही बोथट होतो: पुढच्या वेळी थरथर, धडधड आणि घाम उशिरा किंवा कमी जाणवतात, म्हणून पहिल्या प्रसंगानंतरचे दिवस अधिक धोक्याचे असतात. साखर खाली न जाऊ देता दोन-तीन आठवडे काढले तर हा इशारा बऱ्याच प्रमाणात परत येतो. नेमक्या याच दिवसांत रुग्णाच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर अनेकदा ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ एवढेच असते, आणि रुग्ण ते इमानेइतबारे पाळतो. ज्या मात्रेने त्याला रुग्णालयात आणले, तीच मात्रा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. यात चूक लिहिणाऱ्याची आहे, आणि आम्हा डॉक्टरांनी ती रुग्णाच्या पथ्याच्या नावावर टाकू नये.

म्हणून कार्ड हातात घेतल्यावर नातेवाइकांनी तिथेच उभे राहून विचारावे: साखर कशामुळे घसरली, कोणती गोळी बंद केली, कोणाची मात्रा किती केली, क्रिएटिनिन किती आले, उपवासाच्या दिवशी काय करायचे. वृद्ध आणि इतर आजार असलेल्या रुग्णासाठी साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या आत असला तरी पुरेसे मानले जाते. साडेसहाचा हट्ट त्याच्यासाठी नाही. पहिल्या आठवड्यात सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासून वहीत लिहावी, आणि आकडा एकदाही ७० च्या खाली आला तर, काही त्रास जाणवत नसला तरी, ग्लुकोज देऊन पुढची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.