दुसऱ्याचे बापपण तपासण्याची सोपी रीत

आपले मूल कितव्या इयत्तेत आहे हे ज्यांना पत्नीला विचारून सांगावे लागते, परंतु सातासमुद्रापलीकडच्या खेळाडूने अपत्याच्या मृत्यूनंतर कितव्या दिवशी मैदानात उतरावे याविषयी ज्यांचे मत पक्के आहे, अशा समस्त सोलापूरकर पितृतज्ज्ञांसाठी हे मार्गदर्शन आहे. या शास्त्राचा परिचय मला गेल्या रविवारी बाळीवेशीकडच्या एका सलूनमध्ये झाला. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी नव्हती, त्यामुळे दाढी बाहेर करणे भाग होते. कारागिराने कानापासून गळ्यापर्यंत फेस लावून वस्तरा कंठाशी आणला आणि त्याच क्षणी बाकावरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अपत्यशोकानंतरही खेळलेल्या खेळाडूंची चित्रफीत लावली. पुढची वीस मिनिटे मला तोंड उघडता आले नाही. जे ऐकले ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आरंभीच एक पथ्य पाळावे, ते म्हणजे हकिकत पूर्ण ऐकू नये. अमेरिकेतील मिनेसोटा वायकिंग्ज या संघाचा फुटबॉलपटू एड्रियन पीटरसन याचा दोन वर्षांचा मुलगा ऑक्टोबर २०१३ मध्ये सू फॉल्स या गावी मारहाणीत मरण पावला. मारणारा माणूस मुलाच्या आईचा मित्र होता. हे मूल आपले आहे हे पीटरसनला कळून थोडाच काळ झाला होता, आणि मृत्यूनंतर दोनच दिवसांनी तो सामना खेळला. आमच्या बाकावर या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन का पळतात, हा प्रश्न अजून सुटायचा होता, तोवर निकाल लागलासुद्धा. असल्या माणसाला बाप म्हणायचे का, असे एकाने विचारले आणि उरलेल्यांनी माना डोलावल्या. मूल कोणी मारले, हे एकानेही विचारले नाही. मारणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि खेळाडूचे छायाचित्र मात्र हाताशी असते, म्हणून राग छायाचित्रावर काढणे सोयीचे पडते. पुढच्या वर्षी याच पीटरसनने आपल्या दुसऱ्या, चार वर्षांच्या मुलाला छडीने मारले, त्याच्यावर खटला झाला, दंड आणि ८० तासांची समाजसेवा भोगावी लागली, उरलेला हंगाम त्याला खेळता आला नाही. ते त्याचे कृत्य होते आणि त्याचा जाब त्याला कोर्टात द्यावा लागला. आपण मात्र २०१४ चा गुन्हा उचलून २०१३ च्या शोकावर चिकटवावा आणि ‘आम्हाला तेव्हाच कळले होते’ असे म्हणावे.

यानंतर धावफलक पाहावा, कारण बापाचे काळीज किती मोठे आहे हे धावफलकाखेरीज कळत नाही. बडोद्याचा विष्णू सोळंकी याची नुकती जन्मलेली मुलगी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली. तो घरी गेला, तिला निरोप देऊन परत ओडिशात आला आणि रणजी सामन्यात चंदीगडविरुद्ध त्याने १०४ धावा केल्या. बाकावरचे सर्व जण हळहळले, एकाने तर मोबाइललाच हात जोडले. ते योग्यच झाले, परंतु तो शून्यावर बाद झाला असता तर त्याच हातांनी काय केले असते, या विचाराने फेसाखाली माझा चेहरा तापला. उत्तर त्याच चित्रफितीत पुढे होते. पाकिस्तानच्या आसिफ अलीची दोन वर्षांचीही नसलेली मुलगी मे २०१९ मध्ये कर्करोगाने अमेरिकेत गेली, त्या वेळी तो इंग्लंडमध्ये मालिका खेळत होता. तो विश्वचषकाला परतला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्या हातून झेल सुटला. ‘मग आला कशाला?’ हे उद्गार दोन मिनिटांपूर्वी हात जोडणाऱ्या गृहस्थांचेच होते. म्हणजे शतक काढले तर कर्तव्यनिष्ठ पिता आणि झेल सोडला तर पोटच्या पोरीचे काही न वाटणारा पैशाचा लोभी, असे हे साधे कोष्टक आहे.

मुलीच्या जन्माच्या वेळी धोनी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातच थांबला, तर त्याला बायकापोरांची पर्वा नाही असे म्हणावे. अपत्याच्या जन्मासाठी कोहली २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातून परतला, तर त्याला देशाची पर्वा नाही असे म्हणावे. आणि ही दोन्ही वाक्ये एकाच चहाच्या कपात संपवावीत.

सचिनचे उदाहरण कोठेही चालते.

अपघात असल्यास तपासाचे काम आपणच हाती घ्यावे. मोहम्मद अझरुद्दीनचा एकोणीस वर्षांचा मुलगा २०११ मध्ये हैदराबादला मोटारसायकलच्या अपघातात गेला. ‘पोराच्या हातात एवढी भारी गाडी देतातच कशाला?’ असे ज्यांनी विचारले, त्यांचे नववीतले चिरंजीव सलूनबाहेर स्कूटरवर दोन मित्रांना घेऊन बसले होते आणि वडिलांची दाढी होईपर्यंत सात रस्त्यापर्यंत एक फेरी मारून आले. हेल्मेट घरी असावे. वडिलांनी काचेतून पाहिले आणि पोराचा हात चांगला बसला आहे, असे कौतुकाने सांगितले.

सर्वांत महत्त्वाची सूचना दिवस मोजण्याची आहे. बाकाचा एकमुखी ठराव असा झाला की, ‘तेरावा तरी होऊ द्यायचा.’ हे ऐकून माझी मान हलली आणि कारागिराने ती धरून सरळ केली. तान्हे मूल गेले तर आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावा-तेरावा करीत नाहीत. चार लोक जमवत नाहीत. आईला रडू देत नाहीत, ‘दुसरे होईल’ असे सांगतात. त्या मुलाचा एक दिवससुद्धा न मोजणारे आपण, बडोद्याच्या किंवा पाकिस्तानच्या बापाकडून मात्र तेरा दिवसांचा चोख हिशेब मागतो. आणि हे फक्त खेळाडूंच्या वाट्याला येते असे समजू नये.

माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेलच्या मागांवर काम करतो. त्याची मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. चौथ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन कामावर गेला. त्याच्या नशिबी कॅमेरा नव्हता, तरी गल्ली होती. नळावर, किराणा दुकानात, गणपतीच्या मांडवात एकच वाक्य फिरले, की याच्या काळजाचा मागावरचा धोटा झाला आहे, इकडून तिकडे नुसता पळतो. आठवड्याचा पगार चुकला तर दवाखान्यासाठी घेतलेल्या उसनवारीचा हप्ता चुकणार होता, हे त्यांच्यापैकी दोघांना पक्के ठाऊक होते, कारण पैसे त्यांनीच दिले होते. मीही त्याला विचारले होते, आठवडाभर घरी का बसत नाहीस म्हणून. तो म्हणाला, ‘दादा, तिथं मागांचा आवाज एवढा असतो, की रडलं तरी कुणाला कळत नाही. घरी ती बघते ना माझ्याकडं.’ आठ वर्षे झाली. त्या गल्लीतून तो आजही मान खाली घालून जातो, आणि ज्या बाईने धोट्याचा विनोद पहिल्यांदा केला, तिच्या नातवाच्या बारशाला त्याने पाचशे रुपयांचे पाकीट दिले.

आता सूचना पुरे झाल्या. बाकावर बसलेल्या गृहस्थहो, तुम्हाला त्या मुलांची नावे ठाऊक नाहीत, त्यांच्या आयांचे चेहरे ठाऊक नाहीत, त्या बापांनी ड्रेसिंग रूमचे किंवा कारखान्याच्या संडासाचे दार लावून काय केले हे ठाऊक नाही, आणि तरी तुम्ही कटिंगचा नंबर लागेपर्यंत त्यांचा न्यायनिवाडा करता. सोळंकीचे वडीलही त्याच पंधरवड्यात गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार त्याने मोबाइलवर पाहिले. तुमच्या हातातही मोबाइलच होता. त्यावर तुम्ही ‘स्किप’ दाबलेत, कारण पुढे शतक नव्हते. लाज वाटली पाहिजे. मुलाला मारणाऱ्याविषयी एक शब्द नाही, उसने पैसे दिलेल्याच्या तोंडी लागायचे धाडस नाही, आपल्या पोराच्या हातातून किल्ली काढून घ्यायची हिंमत नाही, आणि ज्याचे मूल गेले त्याला मात्र वाट्टेल ते बोलायचे. हे रविवारी तिथेच म्हणायचे होते, परंतु गळ्याशी वस्तरा होता आणि उठलो तेव्हा तुमची चित्रफीत संपून वडापाव आला होता.

येत्या रविवारी मी त्याच सलूनमध्ये येणार आहे. पाणी येवो न येवो, दाढी घरूनच करून येईन आणि तिथे फक्त केस कापून घेईन, म्हणजे तोंड मोकळे राहील.