गोलातला एम

चार वर्षांपूर्वी आमच्या भोसरीच्या कारखान्यात एका नव्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं आणि माझी झोप उडाली. तोवर मी क्वालिटीतला जाणता माणूस समजला जायचो. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि अधिक-उणे ०.१ मिलिमीटर एवढ्या भांडवलावर दहा वर्षं सुखात गेली होती. या ड्रॉइंगवर मात्र जिकडेतिकडे मालगाडीचे डबे उभे. पहिल्या डब्यात नेमबाजीचं निशाण, दुसऱ्यात आकडा आणि गोलात कोंडलेला एम, मागच्या डब्यांत ए, बी, सी.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"जीडी अँड टी, सर."

"ते मलाही माहितीये. म्हणजे काय?"

"बघून सांगतो," म्हणालो. भागाचा आकार आणि जागा किती चुकली तर चालेल, हे चिन्हांनी सांगायची ती भाषा, एवढंच ठाऊक होतं. हे बघणं दीड वर्ष चाललं.

अप्पा बळवंत चौकातून एक जुनं पुस्तक आणलं. अमेरिकेच्या वाय १४.५ मानकाच्या १९९४च्या आवृत्तीवर बेतलेलं. रात्री जेवणं झाली की व्हिडिओ. पहिला व्हिडिओ पाहून सगळं समजायचं. दुसरा पाहिल्यावर पहिला समजला नव्हता एवढं समजायचं. मधल्या गाळलेल्या जागा मी माझ्या अकलेनं भरल्या. गोलातला एम म्हणजे मिलिंग, एल म्हणजे लेथ, पी म्हणजे पॉलिश. इतकं चपखल बसलं की पुढे पडताळायची गरजच वाटली नाही. नव्यानं लागलेल्या ट्रेनी पोराला हे ऐटीत समजावलंही. पोरगं गुणी. त्यानं लिहून घेतलं.

एक चिन्ह मात्र मी खरोखर पचवलं: कॉन्सेंट्रिसिटी. दोन वर्तुळांचं केंद्र एक, इतकं सोपं ते नसतं. समोरासमोरच्या बिंदूंच्या जोड्या घ्यायच्या, प्रत्येक जोडीचा मध्य काढायचा आणि ते सगळे मध्यबिंदू अक्षाभोवतीच्या एका बारीक नळीत बसतात का ते पाहायचं. तीन आठवडे डोकं आपटलं तेव्हा उमगलं. त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. ती "बरं" म्हणून कुशीवर वळली.

इकडे नापास मालाच्या तांबड्या ट्रेमध्ये फ्लँज, म्हणजे जोडणीसाठी भोकं पाडलेल्या चकत्या, साठत चालले होते. चार भोकं, प्रत्येकाचा व्यास १०.० ते १०.२, जागेची सूट ०.१. सीएमएम या मोजणी यंत्राच्या रिपोर्टवर ०.१८ दिसलं की मी लाल शिक्का मारायचो. आमचे जुने सेटर तात्या गिऱ्हाइकानंच दिलेलं चार पिनांचं गेज घेऊन यायचे, फ्लँज त्यावर अलगद उतरवायचे आणि म्हणायचे, "बसतंय की, साहेब."

"बसतंय म्हणजे बरोबर आहे असं नसतं, तात्या. त्याचं शास्त्र असतं."

हे वाक्य आजही आठवलं की कान गरम होतात.

शेवटी रिजेक्शनचा आकडा पाहून साहेबांनी मला चिंचवडच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं. मास्तर किडकिडीत, आवाज मऊ, आणि तोंडी एकच प्रश्न: "कशाच्या मानानं?" मी म्हणालो, ही बाजू काटकोनात हवी. "कशाच्या मानानं?" भोक मध्यावर हवं. "कशाच्या मानानं?" ए, बी, सी म्हणजे या प्रश्नाचं उत्तर, तेही क्रमानं. जॉब पहिल्या पृष्ठावर तीन बिंदूंवर बसवायचा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, की हलायची सोय संपली. माझ्या घरचं चार पायांचं टेबल पंधरा वर्षं घडी केलेल्या वर्तमानपत्रावर का उभं आहे, त्याचाही उलगडा झाला.

मग कळलं की आडवं आणि उभं अधिक-उणे ०.१ दिलं की चौकोन होतो, आणि त्यात कोपऱ्याकडे ०.१४ लांब गेलेलं भोक पास होतं आणि सरळ बाजूला ०.११ सरकलेलं नापास. हा अन्याय मी दहा वर्षं सही-शिक्क्यानिशी केला होता. म्हणून चौकोनाऐवजी गोल. ही कल्पना स्कॉटलंडच्या टॉर्पेडो कारखान्यातल्या स्टॅन्ली पार्करची, १९३८च्या सुमारास. नापास ठरलेले भाग जोडणीत मात्र व्यवस्थित बसतात, हे त्याच्या ध्यानात आलं, असं सांगतात. मला तात्या दिसू लागले.

चहाच्या सुट्टीत मेदूवडे होते. मास्तरांनी एक उचलला. "भोक लहान, तर माल जास्त की कमी?" जास्त. "हाच तुमचा गोलातला एम. जास्तीत जास्त माल, म्हणजे सर्वांत लहान भोक. ०.१ची सूट त्या भोकाला. भोक १०.१५ झालं, तर वरचे ०.१५ बोनस. एकूण ०.२५." युनियन नाही, मोर्चा नाही, आणि बोनस! वडा माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धीर करून म्हणालो, "सर, कॉन्सेंट्रिसिटी मला चांगली येते." मास्तरांनी फार मायेनं माझ्याकडे पाहिलं. "२०१८च्या आवृत्तीत ते चिन्ह काढून टाकलंय."

सोमवारी सकाळी तांबडा ट्रे पालथा केला. ४६ फ्लँज. प्रत्येक भोक नव्यानं मोजलं, बोनस मिळवला. ४१ पास. तात्यांच्या गेजच्या पिना मोजल्या, तर ९.९. म्हणजे १०.० वजा ०.१. शास्त्र त्यांच्या हातातच होतं. मी सगळं कबूल केलं, गोलातला एम समजावला. तात्या मान डोलावत ऐकत होते.

"म्हणजे ते मिलिंग नव्हे?"

"नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. ट्रेनी पोरानं सुवाच्य अक्षरात तक्ता लावला होता. एम, एल, पी. खाली माझं नाव.

"मग साहेब, तो पी?"

टॅपच्या भोकात बोल्ट बसला की त्याचा वर आलेला भागसुद्धा ठरल्या जागेतच उभा राहायला हवा, एवढंच तो पी सांगतो, असं मी म्हणालो. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आणि दीड वर्ष आम्ही त्या भोकांना पॉलिश मारतोय, ते?"