पुन्हा तेच ‘ट्रोजन’!

रात्री माझ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली, सकाळी वापरणाऱ्याची मेल हजर: ‘तुमच्या प्रोग्राममध्ये ट्रोजन आहे.’ ट्रोजन म्हणजे साळसूद प्रोग्रामच्या वेषातला घातकी कोड. अहो, फायलींची नावं बदलणारा एवढासा प्रोग्राम तो! व्हायरसटोटल ही एकच फाईल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणारी साइट; तिथल्या सत्तरेक इंजिनांपैकी ३ बोंबलतात, तीही ‘जेनेरिक’, म्हणजे मोघम संशय म्हणून. नक्की काय सापडलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. गुन्हा एवढाच, की फाईल नवी आहे आणि फार कुणी उतरवलेली नाही. अँटीव्हायरस कंपनीकडे अर्ज करा, वाट बघा, मग नाव साफ होतं. पुढच्या वेळी एक ओळ बदलली की हॅश, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, बदलतो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! प्रोग्राम कुणाचा ते पटवणाऱ्या डिजिटल सहीचं प्रमाणपत्र घ्या म्हणे. त्याचे पैसे वेगळे, आणि जून २०२३पासून त्याची गुप्त डिजिटल किल्ली वेगळ्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवायची सक्ती. फुकट वाटणाऱ्यानं हे कुठून आणायचं? घाबरून डिलीट करणारा माणूस तर परत फिरकतही नाही.