हिरव्या ढालीच्या मेसेजबद्दल खुलासा

संशोधकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘झूममध्ये कोपऱ्यात हिरवी ढाल दिसली की कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतो, मुलाखती बिनधास्त क्लाउडवर रेकॉर्ड करा.’ हे बरोबर नाही. एन्क्रिप्शन म्हणजे बोलणं सांकेतिक रूपात पाठवणं; एंड-टू-एंड म्हणजे ते उलगडणारी किल्ली फक्त बोलणाऱ्यांकडेच असणं.

ढालीत बरोबरची खूण असेल तर ते नेहमीचं एन्क्रिप्शन. त्यात वाटेत कुणाला ऐकता येत नाही, पण किल्ल्या झूमच्या सर्व्हरवर तयार होतात. ढालीत कुलूप असेल तरच ते एंड-टू-एंड: किल्ली फक्त सहभागींच्या उपकरणांवर राहते. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेली ही सोय आपोआप सुरू नसते, सेटिंगमध्ये जाऊन लावावी लागते. आणि ती लावली की क्लाउड रेकॉर्डिंग बंद, साध्या फोनवरून सामील होणंही बंद. कंपनीच्याच मदतपानांवर हे दिलेलं आहे. म्हणजे मेसेजमधल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊच शकत नाहीत!

गोंधळ समजण्यासारखा आहे. कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असल्याच्या कंपनीच्या जुन्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनेही आक्षेप घेतला होता. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यावर तडजोड झाली.

जित्सी या दुसऱ्या व्हिडिओ-कॉल सेवेवरही सरसकट भरवसा नको. दोघांचा कॉल बहुधा थेट जोडला जातो, तिसरा आला की तो सर्व्हरमार्गे जातो.

रोजच्या टीम मीटिंगला नेहमीचं एन्क्रिप्शन माझ्या मते पुरे. संवेदनशील मुलाखतीला मात्र कुलूप लावा, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्या आणि तो कुठे साठवणार ते संमतिपत्रात लिहा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.