आठवण मालकांची, विसर मिस्त्रींचा

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये वावरताना एक गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे आणि अलीकडच्या एका शोकसभेनंतर ती लिहूनच काढावी असे वाटले. आपल्यातले कोणी गेले, की आपण त्यांच्या गाडीचा फोटो लावतो, त्यांना मिळालेल्या चषकांची यादी वाचतो, पुढच्या रॅलीआधी दोन मिनिटे उभे राहतो आणि मग इंजिने सुरू करतो. यात खोटे काहीच नसते. डोळे खरोखरच भरून येतात. पण ही आठवण जवळजवळ नेहमी मालकाची असते. ज्याने ती गाडी चालती ठेवली तो मिस्त्री गेला, तर ते आपल्याला महिन्या-दोन महिन्यांनी कळते, तेही काम घेऊन गेल्यावर गॅरेजचे शटर बंद दिसले म्हणून.

मालकांचे मोल मला कमी करायचे नाही. प्राणलाल भोगीलाल यांचेच उदाहरण घ्या. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्याच्या आगेमागे राजवाड्यांच्या मोटारखान्यांतून गाड्या बाहेर पडू लागल्या. तेव्हा त्यांच्याकडे वारसा म्हणून पाहणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पेट्रोल पिणारे, सुटे भाग न मिळणारे आणि जागा अडवणारे ओझे, हीच सर्वसाधारण भावना होती. कितीतरी उत्तम गाड्या परदेशी गेल्या आणि कितीतरी भंगारात तोडल्या गेल्या. अशा काळात मुंबईच्या या गिरणीमालक घराण्यातील गृहस्थाने रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर, लॅगोंडा अशा गाड्या जमवल्या, अहमदाबादजवळ कठवाडा येथे दास्तान इस्टेटीत शंभराहून अधिक गाड्यांचा संग्रह उभा केला आणि तो लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवला. 2011 साली ते गेले. आपल्या देशातल्या या छंदाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु ते प्रकरण लिहिणाऱ्याला साहित्य कुठून मिळणार? गाडी कोणत्या संस्थानाची होती, तिची बॉडी कोणत्या कंपनीने बांधली, चासी नंबर काय, हे सारे सापडेल, कारण मोठ्या गाड्यांचे कागद जपले जातात आणि संस्थानिकांच्या मोटारींवर चांगली पुस्तकेही निघाली आहेत. मात्र ओलीने कुजलेली लाकडी चौकट कोणत्या सुताराने नव्याने जोडली, तडा गेलेले इंजिन कोणी सांधले आणि पत्रा हातोडीने ठोकून मूळच्या गोलाईत कोणी आणला, याचा कागद बहुतेक ठिकाणी नसतो. असलाच तर तो हिशेबाच्या वहीत असतो आणि तिथे नाव नसते, मजुरीचा आकडा असतो.

त्याच 2011 साली इंग्लंडमध्ये बिल बॉडी हे वयाच्या 98 व्या वर्षी निवर्तले. 1936 पासून 1991 पर्यंत त्यांनी ‘मोटर स्पोर्ट’ या मासिकाचे संपादन केले आणि ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकचा इतिहास चिकाटीने लिहून ठेवला. त्यांच्यासारख्यांच्या लिखाणाचा परिणाम असा झाला, की काउंट लुई झ्बोरोव्स्की या श्रीमंत शर्यतपटूच्या 23 लिटर मेबाख विमान-इंजिनाच्या गाडीची गोष्ट तिकडे निघते, तेव्हा ती बांधणाऱ्या क्लाइव्ह गॅलप या इंजिनिअरचे नावही ओघाने येते. पैसा काउंटचा होता आणि गाडी हाकण्याचे धाडसही त्याचेच होते, परंतु तेवढ्यावर ती गोष्ट पूर्ण होत नाही, हे तिकडच्या शौकिनांनी मान्य केले आहे. साहेबाच्या प्रत्येक गोष्टीचे गोडवे गाण्याची मला सवय नाही, पण ही एक उचलण्यासारखी आहे.

आता माझ्या अनुभवातले सांगतो. माझ्याकडे 1950 च्या दशकातली फियाट 1100 आहे. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असलेली, जिला आपल्याकडे लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती. तिचे 1089 सीसीचे इंजिन ज्यांनी सांभाळले त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणत असू. त्यांच्या घरच्यांना विचारलेले नाही, म्हणून नाव इथे देत नाही. बाजारात पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यात बसणारी गॅस्केट, मिळाले नाही तर ते जाड पॅकिंगचा कागद त्या भागाच्या तोंडावर पसरत आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने अगदी हलके ठोकत जात. बिडाची धारच कागद कापत जाई आणि पाच-दहा मिनिटांत बोल्टच्या भोकांसकट नवे पॅकिंग हातात येई. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून आवाज टॅपेटचा आहे की बेअरिंगचा हे ते सांगत. स्टिअरिंगवरचा गिअर ढिला पडला, तेव्हा त्यांनी जुना बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी छोटी नळी, हाताच्या बोटांत फिरवून पाहिला, शेजारच्या लेथवाल्याला खडूने आकृती काढून दिली आणि पितळेचा बुश बनवून घेतला. त्या बुशचे माप मी लिहून घेतलेले आहे, ते केवळ मी त्या वेळी तिथे उभा होतो म्हणून. बाकीची शेकडो मापे त्यांच्या डोक्यात होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली.

अशा माणसांचे वर्तुळ प्रत्येक शहरात होते. त्यात एकटा मिस्त्री नव्हता. डेंटर, पेंटर, कुशनवाला, रेडिएटर झाळणारा, वायरिंग करणारा, क्रोमचे काम करणारा, आणि मुंबईच्या चोर बाजारातला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला तो विक्रेताही होता, ज्याला ढिगातला कार्बोरेटर सोलेक्सचा आहे की झेनिथचा हे लांबून कळत असे. आपल्या छंदातील खरी विद्यापीठे हीच होती, आणि तिथे प्रवेशासाठी शुल्क नव्हते, तासन्‌तास उभे राहण्याची तयारी तेवढी लागत असे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनीच्या, म्हणजे फियाट 1100 च्याच देशी अवताराच्या, टॅक्सीला मुंबईने निरोप दिला तो प्रसंग आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती काळी-पिवळी रस्त्यावर दिसणे बंद झाले. त्या आठवड्यात लेख आले, छायाचित्रे आली, टॅक्सीचालकांच्या मुलाखतीही आल्या, आणि ते योग्यच झाले. पण या टॅक्सीवर जगणाऱ्या गॅरेजांकडे फारसे कोणी वळले नाही. आम्हा फियाटवाल्यांना स्वस्तात सुटे भाग मिळत होते आणि गल्लोगल्ली जाणकार मिस्त्री सापडत होते, ते हजारो टॅक्सी रोज धावत होत्या म्हणून. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या जोरावर एकही दुकान चालले नसते. टॅक्सी गेली तसे मिस्त्रीही दुसऱ्या गाड्यांकडे वळले किंवा गावी गेले.

यावर आमच्यातलेच एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात, की मिस्त्रीला त्याच्या कामाचे पैसे मिळाले, मालकाने मात्र पदरचे घालवले. तेव्हा कौतुक मालकाचेच व्हायला हवे. या युक्तिवादात तथ्य आहे. पगारी काम आणि हौस यांत फरक असतोच. पण पैसे चुकते केले म्हणजे श्रेयही चुकते झाले, हे मला पटत नाही. देवळाच्या शिल्पकारालाही मजुरी मिळालीच असेल, तरी त्याचे नाव माहीत नसल्याची हळहळ आपल्याला वाटतेच. शिवाय ‘पैसे मिळाले’ हेही प्रत्येक वेळी खरे नसते. पुढच्या महिन्यात देतो, रॅली झाल्यावर देतो, अशा वायद्यांवर चाललेली कामे मी पाहिली आहेत, आणि ती करून घेणाऱ्यांच्या दिवाणखान्यातले चषकही पाहिले आहेत.

2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक, नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये, नूतनीकरणासाठी 5,000 रुपये आणि दहा वर्षांची मुदत, अशी त्याची रचना आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार केलेले नसावेत, ही त्यातली महत्त्वाची अट. गाडी मूळ स्वरूपात ठेवणे हे हातांचे काम आहे, आणि ते हात पुढच्या पिढीत तयार झाले नाहीत, तर क्रमांक मिळूनही गाडी ताडपत्रीखालीच राहणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रॅलीच्या प्रवेश-अर्जात आपण गाडीचे वर्ष, अश्वशक्ती आणि पूर्वीचा मालक लिहितो, त्यातच यांत्रिक काम, पत्र्याचे काम, रंग आणि बैठक कोणी केली यासाठी चार ओळी ठेवाव्यात आणि गाडी व्यासपीठासमोरून जाताना निवेदकाने त्या वाचाव्यात. जीर्णोद्धाराचे बक्षीस असेल, तर मिस्त्रीला मालकाच्या शेजारी उभे करावे, मागे टाळ्या वाजवायला नव्हे. जे वयस्कर कारागीर अजून काम करत आहेत, त्यांच्या शेजारी मोबाइल घेऊन बसावे आणि व्हॉल्व्ह घासण्यापासून किंगपिनचा बुश बसवण्यापर्यंत सगळे चित्रित करावे, अर्थात त्यांना विचारून आणि त्या वेळेचे पैसे देऊन. आणि आपल्या शोकसभेत मालकांच्या नावांबरोबर त्या वर्षी गेलेल्या कारागिरांची नावेही घ्यावीत.

मी माझ्यापासून सुरुवात करत आहे. उस्तादांच्या मुलाशी बोलणे झाले आहे. त्यांच्या गॅरेजमधली एक जुनी वही त्याच्याकडे आहे, तिच्यात काही मापे आणि काही गाड्यांचे क्रमांक आहेत असे तो म्हणाला. येत्या रविवारी ती पाहायला जाणार आहे. फियाट, मॉरिस, ऑस्टिन, हिलमन, कोणत्याही गाडीवर काम केलेल्या कारागिरांची माहिती किंवा फोटो तुमच्याकडे असतील, तर घरच्यांची परवानगी घेऊन मला कळवा. गाव, गल्ली आणि कोणत्या गाडीचे कोणते काम केले, एवढे असले तरी पुरे.