सगळं खापर बेरोजगारीवर नको
पोटाला चिमटा बसला की लोक परक्यांचा द्वेष करू लागतात, हा तुमच्या लेखातला मुद्दा अर्धाच पटला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं स्प्रिंगफिल्ड शहर बघा. १९६० साली ८० हजारांवर वस्ती, २०२० पर्यंत ६० हजारांच्या आत. पुढे कारखाने-गोदामांना माणसं मिळेनात, म्हणून हैतीचे लोक आले, तेही बहुतेक कायदेशीर परवानगीने. घरभाडी भडकली, दवाखान्यांवर ताण आला, हे खरंच. त्यावर जरूर भांडा. पण १० सप्टेंबर २०२४ च्या, अध्यक्षीय निवडणुकीच्या वादफेरीत ट्रम्प बोलले काय, तर हे लोक कुत्री-मांजरं खातात! शहर प्रशासन म्हणालं, पुरावा नाही. ट्रम्प यांच्याच पक्षाचे ओहायोचे गव्हर्नर डिवाइन यांनीही ते खोडून काढलं. तरी बॉम्बच्या धमक्या आल्याच, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. वादफेरीनंतर पाच दिवसांनी ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स सीएनएन वाहिनीवर म्हणाले, लोकांच्या हालांकडे माध्यमांचं लक्ष जावं म्हणून गोष्टी रचाव्या लागल्या तर रचीन. (नंतरची सारवासारव सोडा.) म्हणजे कुणीतरी काडी टाकली होती.

आणि आपल्यातले जे तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मांजरांच्या मीमना हसत होते, त्यांना डिसेंबरात एच-१बी या अमेरिकी नोकरी-व्हिसावरून भारतीयांवर ट्रोलधाड पडल्यावर एकदम वंशद्वेष दिसू लागला.